अण्णांनी न वाचलेली कादंबरी

"तिला कशाला उभं करताय, अक्का? तिच्या वतीनं मी बोलतो की."

रॅकच्या त्या बाजूला अण्णा होते आणि या बाजूला मी, बुटक्या स्टुलावर बसून नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. मी आत आहे हे अण्णांना माहीत नसेल, असं मानायला मला आवडलं असतं. पण माझ्या चपला दारातच होत्या, आणि त्या त्यांनीच मला दिवाळीला घेऊन दिल्या होत्या.

"ती बोलायला लागली की दोन शब्द इंग्लिश, चार कानडी. समोर मोठी माणसं बसलेली असतात. आपल्या घरचीच पोर, तिचं हसं झालेलं मला बघवायचं नाही."

"तिनं वाचलंय," अक्का म्हणाल्या. "जो वाचतो तो बोलतो, अशी आपली पद्धत आहे."

"पद्धतीचं काय, आपणच पाडतो, आपणच बदलतो. सरी. मी बघतो ते."

मी कव्हरची घडी अंगठ्यानं दाबत राहिले. दाबता दाबता कागद फाटला.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, थोरले भाऊ. शहराबाहेर होसकोट्याला त्यांचा पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा कारखाना आहे, घरही तिकडेच आहे, आणि चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाचे ते चिटणीस आहेत. मंडळाचा हॉल खाली, वाचनालय वर. वाचनालय अक्का बघतात. त्या नात्यानं आमच्या कुणी नाहीत, पण पेटेतली सगळी त्यांना अक्काच म्हणतात. शनिवार-रविवार मी त्यांच्या हाताखाली असते. बाकीचे दिवस मी एका ऑफिसात असते, जिथे सगळे मीटिंगमध्ये बोलतात आणि मला जे म्हणायचं होतं ते मी नंतर ईमेलमध्ये लिहिते.

माझं मराठी थोडं विचित्र आहे, हे खरं आहे. शाळा इंग्लिश मीडियम, दुसरी भाषा कन्नड, तिसरी हिंदी. मराठी फक्त घरात, तेही बोलण्यापुरतं. आमचं घराणं इथे कानडी मुलुखात इतक्या पिढ्यांपासून आहे की आम्ही नेमके कुठल्या गावचे, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. आजोबांना आम्ही अज्जा म्हणतो, थोडं म्हणजे स्वल्प, ठीक आहे म्हणजे सरी, आणि यात काही चुकतंय हे मला पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्यानं हसेपर्यंत कळलं नव्हतं. अक्षरं हिंदीमुळे येत होती. मराठी पुस्तक मात्र मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा वाचलं, आणि ते अक्कांनी हातात ठेवलं म्हणून.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या होत्या. "आवडलं नाही तर परत आणून मला शिव्या घाल. फक्त शेवटचं पान वाचल्यावर घाल."

तेव्हापासून मी वाचत सुटले. अक्कांची शिफारस म्हणजे एवढंच असतं. त्या पुस्तकाची स्तुती करत नाहीत. समोरच्या माणसाकडे बघतात, त्याच्या घरात काय चाललंय ते दोन प्रश्नांत काढून घेतात आणि मग रॅकमागे जातात. नव्या कादंबऱ्यांवर त्यांचा विशेष जीव आहे. आमच्या मंडळात तसा जीव असलेल्या त्या एकट्याच. समितीतले बाकीचे लोक म्हणतात, हल्लीच्या कादंबऱ्यांत दम नाही. हे ते कशाच्या जोरावर म्हणतात, ते मी बराच काळ शोधत होते. मग लक्षात आलं की त्यांनी शेवटची कादंबरी कॉलेजात असताना वाचलेली असते. त्यानंतर ते सत्कार करतात, हार आणवतात, दिवंगत लेखकांच्या फोटोंपुढे समया लावतात. जिवंत लेखक त्यांना अडचणीचा वाटतो.

पण वर्षातून एक दिवस अक्कांचा असतो. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला खालच्या हॉलमध्ये एक टेबल मांडतात. त्यावर वर्षभरात आलेल्यांपैकी निवडक नव्या कादंबऱ्या असतात, आणि ज्यानं पुस्तक निवडलं तो पाच-सात मिनिटं बोलतो. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय टेबलावर पुस्तक ठेवायचं नाही, हा अक्कांचा नियम. कार्यक्रम संपला की लोक टेबलाभोवती गर्दी करतात आणि नाव नोंदवून पुस्तकं नेतात. नेणाऱ्या बहुतेक बायका असतात. आनेकलहून बसनं येणाऱ्या दोघी आहेत, मूळच्या निपाणीकडच्या, कपड्यांच्या कारखान्यात काम करतात. त्या तर त्या एका दिवसासाठी रजा टाकतात.

या वर्षी अक्का म्हणाल्या, "एक पुस्तक तुझं."

मी निवडलेली कादंबरी एका नव्या लेखिकेची होती. गोष्ट साधी आहे. सीमेजवळच्या गावातलं एक घर, अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि त्यांचं सगळं करणारी धाकटी सून. थोरला मुलगा दुसऱ्या गावात आहे. तो सणाला येतो, वडिलांचा हात धरून रडतो आणि जेवून जातो. वर्षं जातात. एक दिवस ती सून सासऱ्यांना आंघोळ घालते, धुतलेले कपडे चढवते, भाड्याच्या गाडीत बसवते आणि थोरल्याच्या दारात नेऊन उतरवते. औषधांची पिशवी त्याच्या हातात देते. मग बसस्टँडवर जाऊन, आपल्यासाठी कुणीतरी बनवलेलं गरम खाणं पहिल्यांदा पूर्ण संपेपर्यंत बसून खाते. कादंबरी तिथे संपते. लेखिकेनं तिला शिक्षा केलेली नाही. म्हाताऱ्यालाही वाईट केलेलं नाही. गाडीतून उतरताना तो तिला म्हणतो, "नीट जा."

मी हे पुस्तक का निवडलं, हे आमच्या घरी आलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. अज्जांना अर्धांगवायू झाल्यापासून ते आमच्याकडे आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट आलं. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, रात्री कूस बदलणं, सगळं आई करते. अप्पा मदत करतात, म्हणजे हाक मारली की येतात. मी ऑफिसातून आल्यावर करते, तेवढंच. आईची कंबर आता अशी झाली आहे की ती खुर्चीतून उठताना आधी टेबल धरते आणि मग डोळे मिटते.

अण्णा महिन्यातून एखादा रविवार येतात. शहाळी आणतात, वडिलांचा हात हातात घेतात, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. ते नाटक नाही, हे मी मान्य करते. नाटक असतं तर मला कमी राग आला असता. खरं रडून झाल्यावर ते आईला म्हणतात, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." मग पायात बूट घालून जातात.

कादंबरी मी आधी आईला दिली. ती मला म्हणाली होती, मला कुठे वेळ आहे. मग मी बघितलं की कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती ओट्याला टेकून वाचते. अज्जांना भरवताना पुस्तक मांडीवर उघडं असायचं. एका संध्याकाळी मी घरी आले तर ती स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. बसस्टँडचं पान होतं.

"बघ की," ती म्हणाली, "दुसरी प्लेट पण मागवते ही."

त्यानंतर काही दिवसांनी आईनं अण्णांना फोन केला. बेळगावला तिची बहीण असते. तिला महिनाभर बहिणीकडे जायचं होतं. आमच्या घरात बाईला रजा हवी असली की कुणाचं तरी आजारपण लागतं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन. आईनं तसलं काही सांगितलं नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. ती म्हणाली, "काही कारण नाही, अण्णा. मला नुसतं जायचंय. तेवढा एक महिना अज्जांना तुमच्याकडे न्या."

अण्णा पलीकडून बराच वेळ बोलत होते. होसकोट्याचं घर वरच्या मजल्यावर आहे. कारखान्याची धूळ असते. काकूंना उचलाउचल होत नाही. बाई ठेवली तर अज्जांना परक्या हाताची सवय नाही. आणि आत्ता वर्धापनदिनाची गडबड आहे, पुढच्या महिन्यात बघू. आई "सरी" म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. तेव्हाही पुढचाच महिना निघाला. अप्पांना मी म्हटलं, तुम्ही सांगा ना. अप्पा म्हणाले, "तो मोठा आहे गं." एवढंच. ते अण्णांपुढे बोलत नाहीत. हे मला कुठून आलं, ते मला माहीत आहे.

रॅकमागचं ते बोलणं ऐकल्यावर पुढच्या शनिवारी जिन्यात अण्णा भेटले. मी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन खाली चालले होते.

"तुझं पुस्तक कुठलं यातलं?"

मी दाखवलं. सगळ्यांना खाकी कव्हरं, कण्यावर अक्कांच्या अक्षरात नाव. मागचा मजकूर झाकलेला. उघडून बघण्याचा प्रश्नच नव्हता, अण्णांच्या हातात मोबाइल होता.

"दोन वाक्यांत सांग गोष्ट."

"एक सून असते," मी म्हटलं. "सासरे अंथरुणाला खिळलेले असतात. ती त्यांचं सगळं करते, वर्षानुवर्षं, आणि मग..."

"बास. कळलं." त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. "चांगलं निवडलंस गं. संस्कार दिसतात." मोबाइल वाजला आणि ते कानडीत "हां सर, हेळी" म्हणत वर गेले.

दोन वाक्यं मागितली होती. तिसरं त्यांना पूर्ण ऐकायचं नव्हतं.

जिन्यातलं सगळं अक्कांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "मी भांडू का?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मला वाटलं, न बोलायला मिळतंय तर बरंच आहे. माइक, दिवे, समोर सगळी पेटे. मला मनातल्या मनात सुटका झाल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी मी रागानं जळत होते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. बोलायचं नाही, हे मी ठरवणं वेगळं. माझ्या घरच्या माणसानं माझ्या पाठीमागे ठरवणं, आणि तेही माझी अब्रू वाचवतोय अशा आवाजात, वेगळं.

आईला मात्र मी काही सांगितलं नाही. ती मी बोलणार म्हणून यायची होती. अप्पा घरी अज्जांजवळ थांबणार होते. आईनं दुपारीच सगळं आटपलं, अज्जांना स्वच्छ केलं, अप्पांना तीनदा समजावलं, आणि ठेवणीतली मोतिया साडी नेसली. ऑटोत ती म्हणाली, "घाबरू नको. माझ्याकडे बघून बोल."

मी "हं" म्हटलं.

हॉल भरला होता. आई दुसऱ्या रांगेत कडेला बसली, लवकर उठता यावं म्हणून. ती सगळीकडे कडेलाच बसते. आनेकलच्या दोघी मागे होत्या. स्टेजवर एक टेबल, त्यावर पुस्तकं. टेबलाच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे माइकपाशी अण्णा. या वर्षी पद्धत अशी निघाली की सगळ्याच पुस्तकांची ओळख चिटणीसच करून देणार, आणि त्यांनी नाव घेतलं की आम्ही दोघींनी पुस्तक उंच धरून दाखवायचं. माझ्यासाठी अपवाद केलाय असं दिसू नये, म्हणून अण्णांनी अक्कांनाही गप्प बसवलं होतं. इतकी वर्षं त्या टेबलामागून बोललेली बाई हात वर करून पुस्तक धरून उभी होती, जत्रेतला विक्रेता माल दाखवतो तशी. त्यांच्या पुस्तकांवर अण्णा जे बोलले, ते कुठल्याही पुस्तकाला चाललं असतं. माणुसकी, मूल्यं, समाजमन. एक कादंबरी रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या एका चिडक्या, विनोदी माणसाची होती, आणि अण्णांनी तिला "हळुवार" म्हटलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. लोक टाळ्या वाजवत होते. अण्णांचा आवाज चांगला आहे, ही अडचण आहे.

मग माझं पुस्तक आलं. मी ते उंच धरलं.

"ही कादंबरी," अण्णा म्हणाले, "आमच्या पुतणीनं निवडलीय. इंग्लिश मीडियमची पोर, लाजाळू, माइकपुढे उभी राहत नाही. पण निवड बघा. एका आदर्श सुनेची ही कहाणी आहे. सासरे अंथरुणाला खिळलेले. स्वतःचं सुख बाजूला ठेवून ती वर्षानुवर्षं सेवा करते. तक्रार नाही, अपेक्षा नाही. आज अशा गोष्टी कोण लिहितं? मी तर म्हणेन, प्रत्येक सासूनं ही कादंबरी आपल्या सुनेला भेट द्यावी."

हॉलमध्ये हसू पसरलं. मागून एक बाई म्हणाली, "आमच्या सुनेला दोन प्रती लागतील." आणखी हसू. मी पुस्तक धरलेला हात खाली घ्यायचं विसरले होते. खांद्यातून कळ येत होती. मला वाटलं, ज्या बाईनं हे लिहिलं तिला कुठेतरी ऐकू जात असेल. तिनं ज्या गोष्टीचं एवढं ओझं उचलून शेवटपर्यंत आणलं, ती इथे निम्म्यात कापून, चांदीच्या ताटात घालून सासवांना वाटली जात होती. आणि निवड माझी, असं सांगून.

तरीही मी बोलले नसते. खरं सांगते. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले असते, अक्कांना लांबलचक मेसेज लिहिला असता, इंग्लिशमध्ये. पण अण्णा थांबले नाहीत.

"आणि कादंबरीत कशाला शोधायचं? आपल्या या हॉलमध्येच अशी सून आहे. आमची धाकटी सून. आमच्या वडिलांना ती जे जपते, ते मी रोज बघतो."

रोज. हा शब्द त्यांनी वापरला.

"ऊठ गं," ते आईला म्हणाले. "सगळ्यांना दिसू दे. टाळ्या होऊन जाऊ द्या."

आई उठली. समोरच्या खुर्चीची पाठ धरून, डोळे मिटून, जशी ती घरी उठते तशी. माझ्या आईला त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी उभं केलं होतं, आणि ते यासाठी. सगळे वळून बघत होते. टाळ्या जोरात होत्या, मनापासून होत्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मान डोलावत म्हणाला, "मुलापेक्षा सून बरी." आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिनं अण्णांकडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. ती माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्वयंपाकघरात त्या पानावर हसली होती तेव्हाचं काहीतरी विझत चाललं होतं, आणि ते मला स्टेजवरून दिसत होतं. या टाळ्यांनंतर ती बेळगावचं नाव पुन्हा काढणार नाही. कोण काढेल? साऱ्या पेटेसमोर आदर्श ठरलेल्या बाईला महिन्याची रजा मागता येत नाही. अण्णांना हे कळत होतं की नाही, मला माहीत नाही. कळत नसावं. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिचा मान करतायत. त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला.

"अशी सून असली," अण्णा टाळ्या शांत करत म्हणाले, "की मुलांना काळजीच नाही." आणि ते पुढच्या पुस्तकाकडे वळले.

आई बसायला लागली होती.

"आई, बसू नको," मी म्हटलं.

माइक माझ्यापासून लांब होता. तरी ऐकू गेलं असावं, कारण अण्णा थांबले आणि माझ्याकडे बघून हसले, लहान मुलांना हसतात तसे. "काय गं? स्वल्प थांब, कार्यक्रम चाललाय."

अक्कांनी टेबलाच्या त्या बाजूनं आपल्या हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मी आईकडे बघितलं, ऑटोत तिनं सांगितलं होतं तसं, आणि बोलले. माझ्या मराठीत, जसं येतं तसं.

"अण्णा, तुम्ही हे पुस्तक वाचलेलं नाही. यातली सून शेवटी सासऱ्यांना गाडीत बसवून थोरल्या मुलाच्या घरी नेऊन सोडते, आणि बसस्टँडवर जाऊन पोटभर खाते. मी ते त्यासाठी निवडलं. आईनं तुम्हाला दोनदा फोन करून विचारलंय. आता ती उभी आहे आणि सगळे ऐकतायत. अज्जांना कधी नेताय, ते तिला आत्ता सांगा."